हवेची कीर्द-खतावणी

मलिक अंबराने १६१० साली खडकी हे गाव राजधानीसाठी निवडले, तेव्हा त्याने पहिली चिंता वाहिली ती पाण्याची. उत्तरेकडील डोंगरांच्या पोटात मुरलेले पाणी त्याने जमिनीखालच्या नहरींतून गावात खेळविले. पुढे गावाचे फत्तेहनगर झाले, १६५३ नंतर औरंगाबाद झाले, २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झाले. नावे पालटली, पण पाण्याची काळजी काही या शहराला सुटली नाही. नहर कोणी बांधली, तिची दुरुस्ती कोणी केली, पाणचक्की कोणत्या पाण्यावर फिरते, हे सारे येथे लिहून ठेवलेले सापडते. हवेविषयी मात्र कोणी एक अक्षर लिहून ठेवले नाही. ठेवावे तरी कशाला? बावन्न दरवाजांच्या या शहरात माल अडत असे, माणूस अडत असे. वाऱ्याला कोणी अडविले नाही आणि त्याच्या गाठोड्यात काय आहे हेही कोणी सोडून पाहिले नाही.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपल्याकडे व्यापारी वह्यांची पूजा करतात. त्या वह्यांत एक कीर्द असे आणि एक खतावणी. कीर्दीत रोजचा जमाखर्च, जसा झाला तसा. खतावणीत तोच जमाखर्च नावानिशी: कोणाकडून किती आले, कोणाचे किती देणे. नुसत्या कीर्दीवर दुकान चालते, पण आपण कोणामुळे बुडालो हे कळावयास खतावणी उघडावी लागते. हवेच्याही अशा दोन वह्या असतात. या शहरात त्यांपैकी खतावणी आधी उघडली गेली आणि कीर्द मागाहून आली. जगात बहुतेक ठिकाणी याच्या उलट झाले, म्हणून ही हकीकत सांगावीशी वाटते.

आमच्या शहराच्या आकाशात पहिला मोठा धूर चढला तो कापडगिरणीचा. ही गिरणी १८८९ साली सुरू झाली. १९०० साली हैदराबाद-गोदावरी खोऱ्याची रेल्वे आली आणि तिच्या मागोमाग कोळशाच्या एंजिनाचा धूर. त्या काळी धुराड्याकडे लोक भरभराटीची खूण म्हणून पाहत, आणि त्यांचे चुकले असे म्हणवत नाही. धूर दिसला म्हणजे रोजी चालू आहे एवढे कळे. मुंबईत मात्र धूर इतका दाटला होता की १९१२ साली तेथे धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदाच करावा लागला. धूर मोजण्याची त्या काळची जगभरची रीत मोठी मजेची होती. रिंगेलमान नावाच्या एका फ्रेंच गृहस्थाने १८८८ साली एक तक्ता काढला होता. पांढऱ्या कागदावर काळ्या रेघांच्या जाळ्या, एकीहून दुसरी दाट. तपासनिसाने तो तक्ता समोर धरावयाचा, डोळे बारीक करून धुराड्याकडे पाहावयाचे, आणि धूर कोणत्या जाळीइतका काळा आहे ते लिहून घ्यावयाचे. साडीचा रंग जुळवून पाहणाऱ्या बायकांना ही रीत नवीन वाटणार नाही!

पण काळेपणा ही एक गोष्ट, आणि त्या काळ्यात काय आहे ही दुसरी. दुसऱ्या प्रश्नाचा माग आपल्या देशात बराच जुना आहे. कलकत्त्यास डी. डी. कनिंगहॅम नावाचा लष्करी डॉक्टर होता. पटकी आणि तापाच्या साथी हवेतून पसरत असतील काय, हा त्या काळचा मोठा वाद. त्याने कलकत्त्याच्या तुरुंगांच्या आवारात चिकट लेप दिलेल्या काचा वाऱ्यासमोर ठेवल्या, त्यांवर जे काही येऊन चिकटले ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, त्याची चित्रे काढली, आणि १८७३ साली हा सर्व अभ्यास छापला. त्याला हवेत बुरशीचे बीजाणू आणि फुलांचे परागकण भरपूर सापडले. कैद्यांच्या आजाराशी त्यांचा मेळ मात्र बसेना, आणि तसे त्याने स्पष्ट लिहिले. पटकी पाण्यातून येते हे नंतर सर्वमान्य झाले. म्हणजे कनिंगहॅमचा ‘नाही’ हा खराच होता. पुढे आग्ऱ्याचे प्राध्यापक करमचंद मेहता यांनी गव्हाच्या तांबेऱ्याचा पिच्छा पुरविला, आणि मैदानातल्या उन्हाळ्यात मरणारा हा रोग दर वर्षी डोंगराळ मुलखातून वाऱ्यावर बसून खाली येतो, असे दाखवून दिले. शेतकरी ज्याला दैव म्हणत होता त्याचे गाव सापडले.

१९५२ हे साल हवेच्या इतिहासात दोन कारणांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्या साली इंग्लंडमध्ये जे. एम. हर्स्ट या शास्त्रज्ञाने बीजाणू पकडण्याचे आपोआप चालणारे यंत्र प्रसिद्ध केले. ते ठरलेल्या वेगाने हवा ओढून घेई आणि आतली काच तासागणिक थोडी थोडी सरके, त्यामुळे कोणत्या घटकेला हवेत कोण होते हे काचेवर उमटत राही. आणि त्याच साली डिसेंबरच्या ५ ते ९ तारखांत लंडनवर कोळशाच्या धुराचे आणि धुक्याचे असे काही पांघरूण पडले, की सुमारे चार हजार माणसे नेहमीपेक्षा अधिक दगावली. नंतरच्या हिशेबाने हा आकडा बारा हजारांपर्यंत गेला. हर्स्टचे यंत्र शेतीच्या लोकांच्या हाती राहिले. लंडनच्या भयाने मात्र सरकारे जागी झाली, आणि त्यांनी विचारलेला प्रश्न साहजिकच ‘किती?’ हा होता. तेव्हापासून ‘किती’ची वाट राजरस्ता झाली आणि ‘कोण?’ची वाट पाऊलवाट होऊन बसली.

ती पाऊलवाट आमच्या गावातून जाते. मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली स्थापन झाले आणि शहराच्या उत्तरेस, लेण्यांच्या डोंगराच्या बाजूला त्याचा विस्तार झाला. तेथील वनस्पतिशास्त्र विभागात प्राध्यापक एस. टी. टिळक होते. हर्स्टच्या यंत्राची काच रोज बदलावी लागे, आणि परदेशी यंत्र मागविणे म्हणजे त्या काळी परकीय चलनाची केवढी विनवणी करावी लागे ते जुन्या प्राध्यापकांना विचारावे. टिळकांनी आपलेच यंत्र बांधले. आर. एल. कुलकर्णी यांच्यासह त्याचे वर्णन त्यांनी १९७० साली स्वित्झर्लंडमधून निघणाऱ्या ‘एक्स्पेरिएन्शिया’ या नियतकालिकात दिले. ‘टिळक एअर सॅम्पलर’ या नावाने ते पुढे देशभर ओळखले गेले.

यंत्र तसे साधे आहे. घरच्या विजेवर चालणारी एक पेटी. बाहेर आलेल्या नळीतून ती मिनिटाला पाच लिटर हवा ओढते. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा आत घेतो. म्हणजे ही पेटी जवळजवळ आपल्याइतकाच, किंचित कमी, श्वास घेते म्हणावयाची. आत एक पिंप घड्याळासारखे सावकाश फिरत असते. त्यावर पेट्रोलियम जेली लावलेली पारदर्शक फीत गुंडाळलेली. आत आलेली हवा त्या फितीवर आपटते आणि तिच्यातले कण तेथेच चिकटून बसतात. पिंपाचा एक फेरा आठ दिवसांनी पुरा होतो. मग फीत सोडवून तिचे सोळा सारखे तुकडे करावयाचे: आठ दिवसांचे आणि आठ रात्रींचे. एकेका तुकड्यावर बारा तासांची, म्हणजे ३,६०० लिटर, हवा आपला ऐवज ठेवून गेलेली असते.

यापुढचे काम यंत्राचे नव्हे, माणसाचे. तुकडा काचेवर घ्यावयाचा आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून एकेक कण ओळखावयाचा. गदेच्या आकाराचा, आडव्याउभ्या भिंती असलेला तो अल्टर्नेरिया. बारीक, काळपट, आणि संख्येने सर्वांना मागे टाकणारा तो क्लॅडोस्पोरियम. गुळगुळीत गोल परागकण गवताचा, काटेरी तो सूर्यफुलाच्या कुळातला. या कुळातलीच एक अनाहूत पाहुणी म्हणजे गाजरगवत. १९५० च्या दशकात पुण्याकडे तिची नोंद झाली आणि बघता बघता तिने सगळा महाराष्ट्र व्यापला. ओळखावयाचे, मोजावयाचे, वहीत नावासमोर मांडावयाचे. ही खतावणी.

तिचा उपयोग काय, असे कोणी विचारील. ज्वारी-बाजरीच्या आणि भुईमुगाच्या शेतांवर रोगाचे बीजाणू हवेत आधी वाढतात आणि पानांवर डाग मागाहून दिसतात. हवा वाचता आली तर फवारणीची वेळ साधता येते. दमेकऱ्यालाही हेच लागू आहे. पावसाळा सरताना गवते फुलतात, भिंती ओल धरतात, आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास ज्याला धाप लागते त्याचा शत्रू फटाकाच असेल असे नाही. (फटाका निर्दोष आहे असा याचा अर्थ कोणी मुलांना सांगू नये!)

पण मला स्वतःला या अभ्यासातला सर्वांत मनोवेधक भाग वाटतो तो लेण्यांचा. टिळक आणि कुलकर्णी यांनी औरंगाबादच्या लेण्यांतली आणि लेण्यांबाहेरची हवा तपासून १९७२ साली ‘करंट सायन्स’मध्ये तिची तुलना मांडली. पुढे अजिंठ्याच्या चित्रांची झीज हा त्यांच्या अभ्यासाचा एक विषयच झाला. अजिंठ्याची चित्रे दगडावर नाहीत, मातीच्या गिलाव्यावर आहेत, आणि त्या गिलाव्यात भाताचा तूस आणि वनस्पतींचे तंतू मिसळलेले आहेत. कलावंताला तो गिलावा, पण बुरशीला आणि किड्यांना ते वाढलेले ताट! हवेतून आलेला बीजाणू तेथे बसला, आणि ओल मिळाली, की तो रुजतो. २०१६ साली याच विद्यापीठातील वनस्पतिशास्त्राच्या एका अध्यापकांनी आणि पुरातत्त्व खात्याच्या एका माजी रसायनशास्त्रज्ञांनी असे प्रसिद्ध केले, की वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आहेत आणि किडीपासून तो गिलावा टिकून राहण्यास त्यांचा हात असावा; अजिंठ्यात ही भांग नाही.

माणसांनी त्या चित्रांची हवा कमी बिघडविली असे नव्हे. निजामाच्या राज्यात १९२० साली चित्रे स्वच्छ करण्यासाठी चेक्कोनी आणि ओर्सिनी हे दोघे इटालियन तज्ज्ञ आणविले. त्यांनी चित्रे वाचविली खरी, पण संरक्षणार्थ दिलेला लाखेचा लेप पुढे पिवळा पडला आणि धूळ धरू लागला. आज खासगी मोटारींना फर्दापूरच्या फाट्यावरच थांबवितात आणि तेथून पुढले चार किलोमीटर ठरलेल्या बसनेच जावे लागते. बस बदलताना कुरकुर करणारे प्रवासी पुष्कळ दिसतात. आत गेल्यावर आपला श्वासही त्या भिंतीवर ओल धरतो, हे त्यांतल्या थोड्यांनाच ठाऊक असते.

टिळकांचे ‘एरोबायॉलॉजी’ हे पुस्तक १९८२ साली निघाले तेही औरंगाबादच्याच वैजयंती प्रकाशनाकडून. हवेतील जीवकणांचा अभ्यास करणारी अखिल भारतीय संस्था १९८० साली उभी राहिली, तिच्यातही त्यांचा पुढाकार होता. गावातल्या किती जणांना हे माहीत आहे? पाणचक्की दाखवावयास पाहुण्यांना सगळे नेतात.

एवढ्यात राजरस्त्यावरून सरकारी कीर्द येऊन पोहोचली होती. नागपूरची संस्था, आज जिला नीरी म्हणतात, तीही १९५८ चीच. तिने १९७८ पासून देशातल्या दहा मोठ्या शहरांची हवा नेमाने मोजावयास घेतली. १९८१ साली हवेचा कायदा झाला. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळ झाले आणि हवा ही जीव घेणारी वस्तू आहे हे घरोघर कळले. त्याच सुमारास केंद्राचा राष्ट्रीय देखरेख कार्यक्रम सुरू झाला, आणि पुढे आमच्या शहरातही त्याची तीन ठाणी बसली: सरस्वती भुवनचे महाविद्यालय, जिल्हाधिकारी कार्यालय आणि कडा कार्यालय. एक शिक्षणाचे, एक महसुलाचे, एक पाटबंधाऱ्याचे! चिकलठाण्याची आणि वाळूजची धुराडी दूर राहिली. माणसे जेथे राहतात तेथील हवा मोजावयाची, हा त्यामागचा हेतू. तो योग्यच आहे. तरी ही जागांची निवड पाहून हसू येते खरे.

या कार्यक्रमाची रीत अशी. काचतंतूंचा एक कागद आधी तोलावयाचा, यंत्रात बसवावयाचा, त्यातून मिनिटाला घनमीटराहून अधिक हवा ओढावयाची, दर आठ तासांनी तो बदलावयाचा आणि पुन्हा तोलावयाचा. वजनात जो फरक पडला ती धूळ. गंधकाचे आणि नत्राचे वायू वेगळ्या नळ्यांतून द्रावणात बुडबुडे काढीत जातात आणि त्यांचे प्रमाण रंगावरून काढतात. हे आठवड्यातून दोन दिवस, वर्षाकाठी १०४ वेळा. कागदावरील धूळ कोणाची हे तराजू सांगत नाही. दहा मायक्रॉनहून बारीक कण, म्हणजे केसाच्या जाडीच्या पाचव्या-सातव्या हिश्शाएवढे, ते पीएम १०. अडीच मायक्रॉनहून बारीक ते पीएम २.५. हे दुसरे फुप्फुसात खोलवर उतरतात. पीएम १० चे वर्षाचे सरासरी प्रमाण घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये अशी आपली मर्यादा २००९ पासून आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ती १५ वर आणावी म्हणून सुचविले.

२०१५ साली हे सगळे एका आकड्यात बसविण्याची युक्ती निघाली. तोच तो निर्देशांक, शून्यापासून पाचशेपर्यंत, हिरव्यापासून गडद तांबड्यापर्यंत सहा रंगांचा. पुष्कळांचा समज असा, की ही सर्व दूषितांची सरासरी. ती सरासरी नव्हे. मास्तरच्या भाषेत सांगावयाचे तर, प्रगतिपुस्तकावर एकूण गुण न लिहिता ज्या विषयात मुलगा सर्वांत मागे तेवढ्याच विषयाचा शेरा लिहावा, तसे हे आहे. पद्धत कडक, पण प्रामाणिक. फक्त तो विषय कोणता हे फलकावर पाहणाऱ्याने विचारले पाहिजे, आणि ते सहसा कोणी विचारीत नाही.

वाळूजला मोरे चौकात पुढे अहोरात्र चालणारे यंत्र बसले. अशा यंत्रांत पुष्कळदा कागदाची एक फीतच असते. तिच्यावर धुळीचा ठिपका पडतो, आणि त्यातून बीटा किरण किती पार जातात यावरून धुळीचे वजन आपोआप निघते. टिळकांच्या पेटीतही फीतच होती. एका फितीसमोर माणूस आठवडा-आठवडा बसे. दुसरीला कोणी पाहावे लागतच नाही, आकडा थेट दिल्लीला जातो.

आकडा पुरेसा का नाही, हे शहराने २०१८ साली अनुभवले. नारेगावच्या कचराडेपोने तीसहून अधिक वर्षे सोसले होते. त्या फेब्रुवारीत गावकऱ्यांनी गाड्या अडविल्या, आणि शहराचा कचरा शहरातच राहिला. चौकाचौकांत ढीग साचले. मिटमिट्याला मार्चमध्ये दगडफेक आणि लाठीमारही झाला. ढीग कुजत आणि पेटतही. प्लॅस्टिकच्या धुराचा तो वास ज्यांनी घेतला त्यांना आठवण करून देण्याची जरुरी नाही. आता विचार करावा: आठवड्यातून दोन दिवस चालणाऱ्या यंत्राच्या वारी ढीग पेटला नाही, तर तो धूर कीर्दीत येणार कसा? आणि आला तरी तो ‘धूळ’ म्हणूनच येणार. रस्त्याची माती, डिझेलचा धूर आणि पेटलेली पिशवी यांचे वजन तराजूत सारखेच.

दुसऱ्याच वर्षी, जानेवारी २०१९ मध्ये, केंद्राचा शुद्ध हवेचा राष्ट्रीय कार्यक्रम निघाला. मर्यादा वर्षानुवर्षे न पाळणाऱ्या १०२ शहरांच्या पहिल्या यादीत महाराष्ट्राची सतरा होती. औरंगाबाद होते, शेजारचे जालनाही होते. २०१७ च्या मानाने कण वीस ते तीस टक्के कमी करावयाचे असे ठरले, आणि नंतर २०२५-२६ पर्यंत चाळीस टक्के असे ते वाढविले. पंधराव्या वित्त आयोगाने दहा लाखांवरील शहरांना हवेच्या सुधारणेशी बांधलेले अनुदान दिले, त्यांत आमचेही शहर आले. म्हणजे हवेच्या आकड्याला प्रथमच रुपयांची किंमत आली, आणि ती किंमत ठरविली गेली पीएम १० वर. जो आकडा पैसा देतो त्याच्यामागे खाते धावते, हे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने २०२४ साली देशभरचा हिशेब मांडला तेव्हा खर्चाचा सुमारे चौसष्ट टक्के भाग रस्त्यावरची धूळ आवरण्यात गेलेला दिसला, आणि उद्योगांच्या धुरावर एक टक्काही नाही. झाडणारी यंत्रे रस्त्यावर फिरतात ती लोकांना दिसतात, हेही एक कारण असेल. धुळीच्या बारीक अर्ध्या भागाला, जो फुप्फुसात उतरतो, झाडूची भीती नाही.

गंमत अशी, की याच कार्यक्रमाने प्रत्येक शहराला आणखी एक काम लावून दिले आहे: हवेतल्या धुळीत वाटा कोणाकोणाचा आहे याचा अभ्यास. गाळणीच्या कागदावरील धूळ रसायनशाळेत न्यावयाची आणि तिच्यातले मूलद्रव्य, काजळी, क्षार वेगळे काढून मोटारी, चुली, भट्ट्या आणि रस्ते यांच्या नावावर मांडावयाचे. हा अभ्यास महाग आहे आणि एकदा करून कपाटात ठेवण्याजोगा नाही, कारण दर वर्षी शेंद्र्याकडे नवा कारखाना उभा राहतो, नवा रस्ता खोदला जातो.

टिळकांची पेटी मात्र अजून मोडीत निघालेली नाही. महाराष्ट्रातल्या कितीतरी महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र विभागांत तिच्यावर आजवर प्रबंध लिहिले गेले आहेत. विद्यार्थी आठव्या दिवशी पेटी उघडतात, फीत सोडवितात, कात्रीने तिचे सोळा तुकडे करतात, आणि सोमवारच्या दिवसाचा तुकडा काचेवर ठेवून पहिल्या कणाचे नाव शोधू लागतात.